टोमॅटो-मिरचीच्या पानांवर डाग किंवा पिवळेपणा दिसतोय? खत टाकायच्या आधी हे बघा

कुंडीतल्या टोमॅटोचं एखादं पान पिवळं दिसलं की बहुतेक जण लगेच खताकडे वळतात. कोणी युरिया टाकतं, कोणी केळ्याच्या सालीचं पाणी, कोणी एप्सम सॉल्ट, आणि कोणी तर हे सगळं एकाच आठवड्यात, मग झाड आणखी बिघडलं की नेमकं कशाने बिघडलं हे शोधायला काही मार्गच उरत नाही. म्हणून कळकळीने सांगते, पान पिवळं दिसल्यावर निदान दोन दिवस काहीही टाकू नका, फक्त नीट बघा. (एक रोग असा आहे की ज्यात थांबून चालत नाही, तो पुढे येईलच.) टोमॅटो आणि मिरची डोळ्यासमोर ठेवून लिहितेय पण वांगं, ढोबळी मिरची ही पण त्याच कुळातली, त्यांनाही यातलं बरंच लागू पडतं.

सगळ्यात आधी बघायचं की त्रास कुठल्या पानाला आहे, खालच्या जुन्या की शेंड्याच्या नव्या? अर्धं निदान इथेच होतं. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्यं झाडात फिरू शकतात, म्हणजे कमी पडायला लागली की झाड ती जुन्या पानांतून काढून घेतं आणि कोवळ्या पानांना देतं, त्यामुळे यांची कमतरता खालून दिसायला लागते आणि हळूहळू वर चढते. कॅल्शियम, लोह, बोरॉन, गंधक यांचं उलटं. ही एकदा पानात गेली की सहसा तिथून हलत नाहीत, त्यामुळे पुरवठा तुटला की त्रास थेट नव्या पानाला होतो आणि जुनी पानं मात्र हिरवीगार दिसतात.

दुसरं म्हणजे पिवळेपणाला काही शिस्त आहे का ते बघा. अन्नद्रव्याची कमतरता असली तर पानाच्या दोन्ही बाजूंना सारखंच दिसतं, एकाच उंचीवरच्या बऱ्याच पानांवर दिसतं. रोग असला तर कुठे एक डाग, कुठे पाच, एका पानावर खच आणि शेजारचं पान साफ, असं विस्कळीत असतं.

आता खालच्या पानांपासून सुरू करू. जुनं पान शिरांसकट सगळंच्या सगळं फिकट पिवळं होतंय आणि झाडाची वाढ पण मंदावलीय, तर नत्र कमी पडतंय. कुंडीत अर्धवट कुजलेलं कंपोस्ट किंवा ताजा लाकडाचा भुसा मिसळला असेल तर हे हमखास होतं, कारण ते कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र स्वतःच वापरून टाकतात. पण मोठ्या झालेल्या झाडाची अगदी तळाची एक-दोन पानं पिवळी पडून गळणं हे नॉर्मल आहे, त्यांच्यावर ऊन पडत नाही, वय झालेलं असतं, त्यासाठी काही करायची गरज नाही.

मॅग्नेशियमचं ओळखायला सोपं आहे, पान तोडून उजेडासमोर धरा. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, हिरवी जाळी उठून दिसते, आणि हे जुन्या किंवा मधल्या पानांवर. टोमॅटोला फळं भरायला लागली की हे फार कॉमन आहे. बऱ्याच वेळा मातीत मॅग्नेशियम असतं पण पालाश जास्त झाल्यामुळे मुळं ते उचलू शकत नाहीत, म्हणजे फळं चांगली यावीत म्हणून पोटॅशवालं खत भरपूर दिलं आणि त्यानेच मॅग्नेशियम अडवलं असं होतं. आधी ते खत थांबवा, मग एप्सम सॉल्ट एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम या प्रमाणात संध्याकाळी पानांवर फवारा, आठ-दहा दिवसांनी गरज वाटली तर परत एकदा. एप्सम सॉल्ट फक्त मॅग्नेशियम आणि गंधक देतं, दर महिन्याला सवय म्हणून टाकायची ती गोष्ट नाही, जास्त झालं तर कॅल्शियम उचलायला अडथळा येतो.

पालाश कमी असेल तर जुन्या पानाची कड पिवळी होते आणि मग करपते, मधला भाग हिरवा राहतो. इथे गफलत होते कारण खत जास्त झालं तरी कडा आणि टोकं जळतातच. मग मातीच्या वरच्या थराकडे आणि कुंडीच्या काठाकडे बघा. तिथे पांढरट खडबडीत थर साचलाय, टोकं जवळपास सगळ्याच पानांची जळलीयत, तर ते क्षार साचल्यामुळे आहे, आणि अशा वेळी आणखी पोटॅश टाकणं म्हणजे झाडाला मारायचंच. कुंडीच्या आकाराच्या दोन-तीन पट साधं पाणी हळूहळू ओता, खालून पूर्ण वाहून जाऊ द्या आणि पुढचे दोन-तीन आठवडे खत बंद ठेवा.

रोपं लहान आहेत, थंडी आहे आणि पानाची मागची बाजू जांभळी झालीय तर स्फुरद कमी पडतंय, पण बहुतेक वेळा मातीत ते असतं, माती गार असल्यामुळे मुळांना घेता येत नाही. ऊब वाढली की आपोआप सुधारतं.

आता शेंडा. नवीन पान पिवळं, कधी कधी अगदी पांढरट आणि त्यात बारीक हिरव्या शिरा, हे लोहाचं लक्षण. मॅग्नेशियमसारखंच दिसतं पण जागा वेगळी, म्हणून तर म्हटलं की आधी कुठलं पान ते बघा. याचं मूळ सहसा मातीच्या पीएचमध्ये असतं, म्हणजे माती किती आम्ल की अल्कधर्मी ते सांगणाऱ्या आकड्यात. टोमॅटो-मिरचीला साधारण ६ ते ६.८ पीएच मानवतो, माती साडेसातच्या वर गेली की लोह मातीत असूनही झाडाला मिळत नाही. पाणी जड (क्षारांचं) असेल तर कुंडीचा पीएच महिनोन्‌महिने वरच सरकत जातो. पीएच पट्टीने तपासा, एक भाग माती आणि दोन भाग डिस्टिल्ड वॉटर, ढवळा, अर्धा तास ठेवा, वरच्या पाण्यात पट्टी बुडवा. लोह द्यायचं तर चिलेटेड घ्या, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या पदार्थाने धरून ठेवलेलं, आणि त्या पदार्थाचं पाकिटावरचं नाव वाचा: ईडीटीए साधारण साडेसहापर्यंतच टिकतं, डीटीपीए सात-साडेसातपर्यंत, आणि माती त्याहून अल्कधर्मी असेल तर ईडीडीएचए लागतं. चुकीचं चिलेट टाकलं तर लोह मातीतच अडकून बसतं.

शेंड्याची पानं वेडीवाकडी, टोकं करपलेली आणि टोमॅटोच्या बुडाला काळा, खोलगट, चामड्यासारखा डाग, ही कॅल्शियमची बाजू. तो डाग बघून लोक अंड्याची टरफलं टाकतात, ती मातीत विरघळायला इतका वेळ घेतात की या हंगामात त्यांचा उपयोग होत नाही. आणि बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतंच, फक्त ते पाण्याबरोबरच वर चढतं, त्यामुळे दोन दिवस कोरडं आणि तिसऱ्या दिवशी धो धो असं पाणी दिलं की फळापर्यंत पोचत नाही. पाणी नियमित करा, वर वाळलेल्या पानांचं आच्छादन घाला, पुढची फळं चांगली येतात. कुंडीत नुसतं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असेल तर खरंच कॅल्शियम कमी पडू शकतं कारण कोकोपीट ते धरून ठेवतं, तिथे कॅल्शियम नायट्रेट द्यायला हरकत नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते, पाणी. कुंडीतल्या झाडांचा पिवळेपणा बऱ्याचदा जास्त पाण्यामुळे असतो, खताचा काही संबंध नसतो. माती ओली आहे तरी झाड दुपारी मान टाकतंय, खालची पानं पिवळी होतायत, तर मुळांना हवा मिळत नाहीये. बोट दोन इंच खाली घालून बघा, कुंडी उचलून वजन बघा. शंका असेल तर रोप अलगद कुंडीबाहेर काढा, त्याने काही मरत नाही. निरोगी मुळं पांढरट आणि टणक असतात. सडलेलं मूळ तपकिरी असतं, चिमटीत धरून ओढलं की वरचं साल सुटून हातात येतं आणि आत नुसता दोरा राहतो, वासही कुबट येतो. अशा मुळांना कितीही खत द्या, ती घेणार कशी?

डागांकडे वळू. इथे पान डोळ्याजवळ घ्या, मोबाइलचा कॅमेरा झूम करा, शक्य असेल तर भिंग वापरा आणि पान उलटं करून बघायला विसरू नका.

तपकिरी डाग, त्यात वर्तुळात वर्तुळ, भोवती पिवळी कड आणि सुरुवात खालच्या पानांपासून, हा लवकर येणारा करपा, अल्टरनेरिया बुरशीचा. डाग छोटे, दोन-तीन मिलिमीटरचे, मध्ये राखाडी, कड गडद आणि राखाडी भागात सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसतायत तर सेप्टोरिया, ही पण बुरशीच. मिरचीवर गोल डाग, मध्ये फिकट आणि भोवती गडद कड असेल तर सर्कोस्पोरा बुरशी. बारीक काळपट, पाणी मुरल्यासारखे ठिपके आणि मिरचीची पानं पटापट गळतायत तर बहुधा जिवाणू, त्यावर साधी बुरशीनाशकं चालत नाहीत. पानाच्या वर पिवळा धब्बा आणि मागे पांढरी पावडर असेल तर मिरचीवरची भुरी.

आणि थांबायचं नाही तो रोग म्हणजे उशिरा येणारा करपा. गार, दमट हवेत येतो, पानावर मोठे काळपट-हिरवे, ओलसर चट्टे, सकाळी पान उलटं केलं तर चट्ट्याच्या कडेला पांढरी बारीक लव, खोडावरही काळे पट्टे. याच जिवामुळे १८४५ पासून आयर्लंडमधलं बटाट्याचं पीक बुडालं होतं. खात्री पटली की झाड त्याच दिवशी काढा, पिशवीत बांधून टाका, कंपोस्टमध्ये अजिबात नको.

बाकीच्या करप्यांना इतकं घाबरायचं कारण नाही. डागाळलेली खालची पानं काढा, कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसा, पाणी पानांवर न मारता बुडाशी आणि सकाळी द्या, कुंड्या लांब लांब ठेवा. तांब्याचं बुरशीनाशक नव्या पानांना वाचवतं, आलेला डाग पुसत नाही, त्यामुळे लवकर फवारलं तरच फायदा. प्रमाण लेबलवरचंच ठेवा आणि फवारल्यानंतर किती दिवस फळं तोडायची नाहीत तेही तिथेच वाचा, ही आपण खायची झाडं आहेत.

किडींमुळे पण ठिपके येतात. पानावर बारीक फिकट टिंबं दिसली तर पांढऱ्या कागदावर पान झटका, पडलेली धूळ मिनिटभर बघा, त्यातले कण चालायला लागले तर लाल कोळी (माइट नावाची बारीक कीड). मिरचीची पानं होडीसारखी वर वळली तर फुलकिडे, खाली वळून लांबुळकी झाली तर कोळी. निमतेल एक लिटर पाण्यात ५ मिली, दोन-चार थेंब लिक्विड सोप, आधी एका पानावर करून बघा आणि मग ऊन उतरल्यावर पानांच्या मागच्या बाजूला नीट मारा. टोमॅटोचा शेंडा बारीक, गोळा झालेला, पानं कपासारखी वळलेली आणि पांढरी माशी उडतेय तर तो विषाणू आहे, त्याला औषध नाही, झाड काढून बाकीची वाचवायची.

काहीही उपाय केला तरी एका वेळी एकच करा. डाग पडलेलं पान परत हिरवं होत नाही, त्यामुळे जुन्या पानांकडे बघून "फरक नाही पडला" म्हणून दुसरं काहीतरी ओतू नका. उपाय केला त्या दिवशी सगळ्यात वरच्या पानाच्या देठाला सैलसर दोरा बांधा, फोटो काढा, आणि दहा-बारा दिवसांनी दोऱ्याच्या वर आलेली पानं बघा. ती स्वच्छ असतील तर तेच चालू ठेवा, नसतील तर परत पहिल्या प्रश्नापासून, कुठलं पान.