ब्रेक पेडल खाली जातंय? ऑइल ओतण्याआधी या चुका टाळा

नागपूरच्या व्हरायटी चौकात सिग्नलला उभं असताना ब्रेकवर ठेवलेला पाय हळूहळू खाली जाऊ लागला, तर गॅरेजमध्ये बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: "ऑइल कमी झालं असन भाऊ, टाकून देतो, होऊन जाते." ऑइल टाकलं जातं, पेडल दोन दिवस बरं वाटतं आणि खरा बिघाड आत वाढत राहतो.

ब्रेकचं ऑइल इंजिन ऑइलसारखं जळत नाही. पॅड झिजले की कॅलिपरचा, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन थोडा पुढे येतो, मागची जागा ऑइल घेतं आणि टाकीतली पातळी सावकाश उतरते. तेवढं उतरणं ठीक आहे. पातळी भराभर उतरत असेल तर ऑइल कुठेतरी बाहेर पडतंय, आणि ते कुठे पडतंय हे शोधल्याशिवाय डबा उघडू नये. चारही चाकांच्या आतल्या बाजू, रबरी होज आणि मागच्या ड्रमच्या खालची कड पाहा. बाहेर काहीच ओलं नसेल, तर मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा भाग) बूस्टरला (पायाचा जोर वाढवणारा भाग) जिथे जोडलेला असतो तो सांधा पाहा. तिथला सील गेला की ऑइल बूस्टरमध्ये उतरतं आणि जमिनीवर थेंबही दिसत नाही.

दुसरी चूक म्हणजे पेडल नेमकं कसं खाली जातंय हे न सांगता "ब्रेक लागत नाही" एवढंच सांगणं. निदानाचा निम्मा भाग इथेच असतो. पेडल स्पंजसारखं मऊ लागतं आणि भराभर पंप केल्यावर वर येतं, तर लाइनमध्ये हवा आहे. पेडल खूप खाली गेल्यावर घट्ट लागतं आणि लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर धरतं, तर बहुधा मागच्या ड्रममधले शू (ड्रमला आतून घासणारे भाग) आणि ड्रम यांच्यातलं अंतर वाढलंय. छोट्या गाड्यांत पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात, आणि हे अंतर आपोआप जुळवणारा मागचा ऑटो ॲडजस्टर धुळीने, गंजाने अडकतो. सपाट जागी उभ्या गाडीचा हँडब्रेक ओढून पेडल दाबून पाहा. ते लक्षणीय वर आलं, तर आधी मागचे ड्रम उघडा, मास्टर सिलिंडरला हात लावू नका.

स्थिर दाब ठेवूनही पेडल बुडत असेल तर प्रकरण गंभीर आहे. इंजिन चालू ठेवून पेडल घट्ट दाबा आणि अर्धा मिनिट तसंच धरा. ते बुडत गेलं, बाहेर गळती नाही आणि टाकीची पातळीही तेवढीच, तर मास्टर सिलिंडरच्या आतले रबरी सील दाब धरत नाहीत. ऑइल सीलवरून मागे जाऊन परत टाकीत येतं, म्हणून पातळी बदलत नाही आणि "ऑइल तर पूर्ण आहे" या समाधानात माणूस गाडी चालवत राहतो. अशी गाडी कामठी रोडच्या गर्दीतून जपून नेतो म्हणू नका, टोइंग बोलवा. सिलिंडरच्या आत गंज किंवा ओरखडे असतील तर नुसतं सीलचं किट टिकणार नाही. पूर्ण सिलिंडर बदला.

याउलट बिघाड नसतानाही लोक घाबरतात. बंद गाडीत पेडल चार-पाच वेळा दाबून घट्ट करा आणि पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली जाऊन थांबलं, तर बूस्टर त्याचं काम करतोय.

हवा काढताना सर्वात जास्त घोळ होतात. आतल्याने पेडल दाबून धरायचं, बाहेरच्याने चाकाजवळचा निपल (हवा सोडायचा छोटा स्क्रू) उघडून पुन्हा बंद करायचा, आणि मगच पाय उचलायचा. आधी उचलला तर हवा परत आत जाते. मध्येच टाकी रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबू नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. सिलिंडरच्या ज्या भागात सील कधी गेलेच नाहीत तिथे गंज असतो आणि तो सील फाडतो. कॅलिपर बदलल्यावर कितीही ब्लीडिंग केलं, म्हणजे हवा काढली, तरी पेडल मऊच राहत असेल, तर निपल वर आहे का पाहा. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला की निपल खाली येतो आणि वरची हवा आतच राहते. एबीएसच्या (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) युनिटमध्ये हवा गेली असेल तर काही गाड्यांना स्कॅनर लागतोच.

ऑइल कोणतं, ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. डॉट 3 किंवा डॉट 4 या दर्जाच्या ब्रेक ऑइलच्या जागी इंजिन ऑइल वा स्टिअरिंग ऑइल गेलं तर रबर फुगतं आणि सगळे सील, होज बदलावे लागतात. गॅरेजच्या फळीवर अर्धवट उघडा पडलेला डबा तर नकोच. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. ताज्या डॉट 3 चा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी शोषल्यावर मात्र 140 अंशांपर्यंतही चालतो, इतका मोठा फरक पाण्याने पडतो. चिखलदऱ्याचा घाट न्यूट्रलमध्ये, सतत ब्रेक दाबत उतरलात की जुनं ऑइल उकळतं, वाफ होते आणि पेडल एकदम खाली जातं. गाडी थंड झाल्यावर ते आपोआप बरं होतं, त्यामुळे गॅरेजमध्ये काहीच सापडत नाही. दोन वर्षांनी ऑइल बदला आणि घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरा.

चालत्या गाडीत पेडल बुडालंच, तर किल्ली बंद करू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. भराभर पंप करा, गिअर उतरवत जा, हँडब्रेक बटण दाबून धरत थोडा थोडा ओढा.

दुरुस्तीनंतर पहिली चाचणी रिकाम्या, सपाट रस्त्यावर अगदी हळू वेगात घ्या. दुसऱ्या दिवशी टाकीची पातळी पाहा आणि प्रत्येक निपलभोवती बोट फिरवून ओल लागते का ते तपासा.