नदीकाठची जमीन राखताना या चुका टाळा

दादरमधील आमच्या छोट्या न्यासाने रायगड जिल्ह्यात नदीकाठची जमीन दुर्मीळ जलचरांसाठी राखायचे ठरवले, तेव्हा पहिली चूक खरेदीखताच्या आधीच झाली: जमीन नेमक्या कोणत्या जीवासाठी हवी, हे न ठरवताच आम्ही देणग्यांचे आवाहन केले. महसीर माशाला उन्हाळ्यातही न आटणारा डोह आणि गोट्यांवरून खळाळणारे पाणी लागते, तर मऊ पाठीच्या कासवाला अंड्यांसाठी काठावरची मोकळी, भुसभुशीत जागा लागते. कोणता तुकडा घ्यावा हे त्यावरूनच ठरते, आणि ते पाहायला मे महिन्यातच जावे. भर पावसाळ्यात प्रत्येक काठ चांगला दिसतो.

झाडे लावण्याची घाईही अशीच नडते. वाळूच्या मोकळ्या पट्ट्यात आम्ही देणगीदारांच्या हस्ते करंजाची आणि जांभळाची रोपे लावली. पुढे गावातल्या एका आजींनी तेथेच वाटीएवढा उकरलेला खळगा आणि त्यातले कासवाच्या अंड्यांच्या पांढऱ्या कवचांचे तुकडे दाखवले, तेव्हा ती सगळी रोपे काढून वरच्या बांधावर न्यावी लागली. अमेरिकेत नेब्रास्कातील प्लॅट नदीवर 2007 पासून चाललेल्या कार्यक्रमात तर पात्रातली झाडी मुद्दाम काढतात, कारण व्हूपिंग क्रेन पक्ष्यांना रात्री उतरायला रुंद, उथळ आणि मोकळे पात्र लागते. तेथे पहिल्या टप्प्यात 10,000 एकर जमिनीचे उद्दिष्ट होते, पण त्याबरोबर नदीत पुरेसे पाणी वाहते ठेवण्याचेही होते. आपल्याकडे वरच्या अंगाला पाणी उपसणाऱ्या मोटारी लागून डोह मार्चमध्येच आटत असेल, तर खालची जमीन घेऊन काही साधत नाही.

कागदांबाबत थोडक्यात: कुळवहिवाट कायद्याच्या कलम 63 मुळे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, सातबारा, फेरफार आणि सरकारी मोजणी पाहिल्याशिवाय इसार देऊ नये.

सर्वांत महाग चूक पैशाची असते. जमीन घेण्यापुरता निधी उभा राहतो. पण रखवालदाराचा पगार, पुरानंतर कुंपणाची दुरुस्ती आणि दरवर्षी बेशरमाचे तण उपटण्याची मजुरी कोणी मोजलेली नसते. कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या (सीएसआर) निधीवर सारी भिस्त ठेवू नये, कारण त्या नियमांत चालू प्रकल्पाला आरंभीचे वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षे मिळतात, आणि नदीला तीन वर्षांत फारसे काही होत नाही. वार्षिक खर्च 3 लाख रुपये आणि व्याज 6 टक्के धरले, तर निव्वळ व्याजावर तो भागवायला 50 लाखांचा कायम निधी लागतो. महागाई धरली तर त्याहून अधिक. ही रक्कम खरेदीच्या आवाहनातच मागावी. आम्ही ती नंतर मागितली आणि दोन पावसाळे रखवालदाराविना गेले. त्या काळात डोहात विषारी पूड टाकून मासे मारले गेले, याचे दुःख अजून वाटते.

मुळात जमीन विकतच घ्यावी लागते, असेही नाही. महाडजवळच्या वाळण कोंडीत, म्हणजे नदीतल्या डोहात, महसीर मासे देवीचे म्हणून गावकरीच राखतात. वन्यजीव संरक्षण कायद्यातील 2002 च्या दुरुस्तीने गावाला किंवा खासगी मालकाला स्वेच्छेने आपली जमीन सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून घोषित करून घेण्याची वाटही खुली केली आहे. तेव्हा खरेदीचा प्रस्ताव नेण्याआधी एकदा ग्रामसभेपुढे बसावे, आणि डोहावर पहिला हक्क कोणाचा मानला जातो ते तेथेच विचारावे.