स्कायहून व्हिक्टोरियाला गेलेल्या स्त्रीचे माहेर कसे शोधावे

एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या स्काय बेटावरून ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतीत गेलेल्या स्त्रीचे कूळ शोधताना सुरुवात तिच्या जन्मापासून नव्हे, मृत्यूपासून करावी. व्हिक्टोरियात १८५३ पासून मृत्यूच्या दाखल्यात आईवडिलांची नावे, जन्मस्थळ, विवाहाचे ठिकाण व वय, मुले आणि वसाहतीतील वास्तव्याची वर्षे इतके तपशील नोंदवले जात. मात्र ते सांगणारा बहुधा मुलगा किंवा जावई असल्याने तिच्या आईवडिलांची नावे त्याने केवळ ऐकलेली असत. म्हणून निदान तिचे माहेरचे आडनाव मुलांच्या जन्मदाखल्यांशी ताडून पाहावे.

आपल्याकडे लग्नानंतर आडनावच काय, कधी नावही बदलले जाई. स्कॉटिश कागदपत्रांत मात्र विवाहितेचे माहेरचे आडनाव टिकून राहते. खरी अडचण पहिल्या नावाची आहे. गेलिक भाषेतील ‘ऑयरिक’ हे नाव इंग्रजी दप्तरात एफी, युफेमिया किंवा हेन्रिएटा होते आणि ‘मोर’ची मॅरियन किंवा सारा होते, त्यामुळे एकच स्त्री दोन कागदांवर दोन नावांनी भेटू शकते.

तिने १८५२ ते १८५७ या काळात प्रवास केला असेल, तर हायलँड अँड आयलंड एमिग्रेशन सोसायटीच्या याद्या आधी पाहाव्यात. या संस्थेने सुमारे पाच हजार लोकांना ऑस्ट्रेलियाला धाडले आणि एडिंबरोच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील तिच्या याद्यांत कुटुंबागणिक नावे, वये व राहण्याचे ठिकाण सापडते.

स्कॉटलंडमध्ये सक्तीची नागरी नोंदणी १ जानेवारी १८५५ रोजी सुरू झाली. त्याआधीच्या, स्थानिक चर्चने ठेवलेल्या पॅरिश नोंदवह्या मुख्यतः बाप्तिस्म्याच्या असून त्या अपुऱ्या आहेत. शिवाय १८४३ मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंड फुटल्यावर त्यातून निघालेल्या फ्री चर्चकडे गेलेली कुटुंबे त्यांत बहुधा सापडत नाहीत. येथे बहुतेकांचा शोध थांबतो, पण मागे राहिलेल्या आईचा, भावाचा किंवा बहिणीचा १८५५ नंतरचा मृत्यूदाखला मिळवावा. भावंडांच्या दाखल्यावर तिच्याच आईवडिलांची नावे असतात, तर आईच्या दाखल्यावर आजी-आजोबांची, आणि त्यांत आजीचे माहेरचे आडनावही असते. ‘स्कॉटलंड्सपीपल’ या सरकारी संकेतस्थळावर सूचीत शोध घेता येतो. दाखल्याची प्रतिमा पाहण्यास शुल्क पडते.

१८४१ च्या जनगणनेतील वयावर फार विसंबू नये, कारण पंधरा वर्षांवरील व्यक्तींचे वय सामान्यतः पाचाच्या पटीत खाली आणून लिहिले जाई; एकोणतीस वर्षांची स्त्री तेथे पंचवीसची दिसते.