खडकावरची गोगलगाय ओळखताना या चुका टाळा

लिटोरिना सॅक्सॅटिलिस ही उत्तर अटलांटिकच्या खडकाळ किनाऱ्यांवर राहणारी छोटी गोगलगाय. 1792 मध्ये इटालियन निसर्गअभ्यासक ऑलिव्ही यांनी व्हेनिसच्या नमुन्यांवरून तिचं वर्णन केलं. त्यानंतर शंभराहून अधिक वेळा ती ‘नवी’ म्हणून वेगवेगळ्या नावांनी नोंदवली गेली. बहुतेकांना फसवलं ते शंखाने.

शंख वेगळा म्हणजे प्रजाती वेगळी, ही सर्वांत मोठी चूक. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर खेकड्यांच्या वस्तीत हिचा शंख मोठा, जाड आणि लहान तोंडाचा असतो, म्हणजे नांगी आत शिरत नाही. थोड्याच अंतरावर, लाटा झेलणाऱ्या कातळावर शंख छोटा, पातळ आणि रुंद तोंडाचा, कारण तिथे घट्ट धरून राहायला मोठा पाय लागतो. दोन्ही नमुने शेजारी ठेवले तर प्रजाती दोन आहेत अशी पैज कुणीही लावेल. पण मधल्या अरुंद पट्ट्यात त्यांचा सर्रास संकर होतो. 1988 मध्ये विषारी शैवालामुळे तिथल्या लहान खडकांवरच्या गोगलगायी मेल्या. 1992 मध्ये अशाच एका रिकाम्या खडकावर खेकडेवाल्या जागेतल्या गोगलगायी सोडल्या गेल्या. तीस वर्षांत त्यांची प्रजा लाटांवरच्या रूपाची झाली!

उलटी चूकही होते. लिटोरिना अर्काना ही खरोखरच वेगळी प्रजाती, पण तिचा शंख सॅक्सॅटिलिससारखाच दिसतो. फरक मादीच्या पोटात: सॅक्सॅटिलिस पिशवीत भ्रूण वाढवून पिल्लांना जन्म देते, अर्काना जेलीत अंडी घालते. म्हणून वयात आलेली मादी उघडून पाहा, नरांवर विसंबू नका. परजीवी चपट्या कृमींची लागण झालेले नमुने आधीच बाजूला काढा. त्यांची जननेंद्रियं आक्रसलेली असतात आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष कुचकामी ठरतो.

‘मग डीएनए करून टाकू’ हेही इतकं सोपं नाही. पूर्ण जनुकसंचावरून वंशवृक्ष काढला तर अंडी घालणाऱ्या आणि पिल्लं देणाऱ्या गोगलगायींचे दोन स्वच्छ गट पडत नाहीत. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रजननाचा हा फरक जनुकसंचातल्या सुमारे 50 भागांशी जोडलेला आढळला. बाकीचा जनुकसंच वेगळंच काही सांगत असतो. माझ्या मते इथे मादीच्या पिशवीला वंशवृक्षापेक्षा जास्त मान द्यावा.

एका किनाऱ्याचा ठोकताळा दुसरीकडे नेऊ नका. स्पेनच्या गॅलिसियात दोन्ही रूपं एकाच खडकावर राहतात, खेकड्यांना तोंड देणारं वर आणि लाटा झेलणारं खाली. नमुन्याच्या डबीवर फक्त गावाचं नाव लिहिलं तर असा नमुना पुढे काही सांगू शकत नाही. खडकावरची उंचीही लिहा.