तोंड घरीच कसं तपासायचं (सुपारी-तंबाखू खाणाऱ्यांनी नक्की वाचा)
नवी मुंबईत तुर्भे मार्केटला कितीतरी जण दिवसभर मावा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) चघळताना दिसतात, खरंच काळजी वाटते, म्हणून सांगतोय. महिन्यातून एकदा आरशासमोर चांगल्या उजेडात उभे रहा, कवळी असेल तर काढा, चूळ भरा. गाल बोटाने ताणून आतून बघा, मग जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा, तिकडे कोणी बघतच नाही. पांढरा-लाल चट्टा, गाठ, 2 आठवड्यात न भरलेली जखम दिसली की डेंटिस्टकडे जायचंच, दुखत नसलं तरी, कारण तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला बऱ्याचदा दुखतच नाही. आता 3 बोटं एकाखाली एक धरून तोंडात जातात का बघा, जात नसतील तर तोंड आवळत चाललं असेल, आणि त्याला तंबाखूच लागतो असं नाही, नुसती सुपारी पण पुरते. नेरुळ, कामोठ्याला डेंटल कॉलेज आहेत, तिथल्या ओपीडीत दाखवा.