अन्सिबलच्या टेंप्लेटमधे भलतीच व्हॅल्यू येतेय? असं शोधा

अन्सिबल म्हणजे अनेक सर्व्हरांवर सेटिंग एकदम लावणारं टूल, टेंप्लेट म्हणजे व्हॅरिएबलच्या जागी व्हॅल्यू भरून सर्व्हरवरची फाइल बनवणारा साचा, आणि ग्रुप व्हार्स म्हणजे सर्व्हरांच्या एका ग्रुपसाठी लिहिलेल्या व्हॅल्यू. परवा इंदूरला, विजयनगरच्या ऑफिसात रात्री साडेनऊला आमचा ज्युनियर म्हणाला, "दादा, ग्रुप व्हार्समधे पोर्ट 8080 लिहिलाय, तरी सर्व्हरवरच्या एनजिनएक्सच्या (वेब सर्व्हर) फाइलमधे 80च येतोय." सराफ्यावर, रात्रीच्या खाऊबाजारात, जायचं ठरलेलं ते राहिलं, कारण तो तासभर टेंप्लेटच बदलत बसलेला आणि टेंप्लेट तर बरोबरच होतं.

म्हणून टेंप्लेटला हात लावायच्या आधी व्हॅल्यू छापून बघा. टेंप्लेट ज्या रोलमधे, म्हणजे टास्कांच्या गठ्ठ्यात, आहे त्याच रोलमधे, टेंप्लेटच्या टास्कच्या बरोबर वर व्हॅल्यू छापणारा डीबगचा टास्क टाका, त्यात व्हारपुढे नुसतं नाव लिहायचं, महिरपी कंस नाही लावायचे. मग अन्सिबल-इन्व्हेंटरी कमांडला होस्ट ऑप्शनमधे त्याच सर्व्हरचं नाव द्या. ही कमांड फक्त इन्व्हेंटरी (सर्व्हरांची यादी), ग्रुप व्हार्स, होस्ट व्हार्स (एकेका सर्व्हरच्या व्हॅल्यू) एवढंच बघते, रोलमधलं तिला दिसत नाही, आणि आपल्याला नेमकं तेच हवंय. आमच्याकडे इन्व्हेंटरी म्हणाली 8080, डीबग म्हणाला 80, म्हणजे मधे कोणीतरी व्हॅल्यू दाबतंय हे दोन मिनिटांत कळलं.

आता दाबणारा शोधायचा. अन्सिबलमधे व्हॅरिएबलच्या प्राधान्याच्या 22 पायऱ्या आहेत, सगळ्या पाठ करायची गरज नाही, एवढं लक्षात ठेवा: रोलचं डिफॉल्ट्स फोल्डर जवळजवळ तळाला, त्यावर ग्रुप व्हार्स, मग होस्ट व्हार्स, त्यावर प्लेबुकमधल्या (कुठल्या सर्व्हरांवर काय चालवायचं ती फाइल) प्लेचे व्हार्स, त्याहून वर रोलचं व्हार्स फोल्डर, आणि सगळ्यांवर कमांडसोबत मायनस ई (-e) लावून दिलेली व्हॅल्यू. लोक घोटाळा करतात तो रोलच्या डिफॉल्ट्स आणि व्हार्स या दोन फोल्डरांत. आमचा 80 रोलच्या व्हार्समधे बसलेला होता, तो उचलून डिफॉल्ट्समधे ठेवला आणि ग्रुपचा 8080 लगेच लागू झाला. जी व्हॅल्यू दुसऱ्याने बदलावी असं वाटतं ती डिफॉल्ट्समधेच ठेवा, कृपा करून.

नाव बरोबर, जागा बरोबर, तरी वागणं चुकीचं असेल तर प्रकार बघा. मायनस ईने नाव=व्हॅल्यू असं दिलं की सगळं स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, होतं, अगदी फॉल्ससुद्धा, आणि टेंप्लेटमधल्या इफला भरलेली स्ट्रिंग खरीच वाटते, तेव्हा त्या स्ट्रिंगला खरं-खोटं करणारा बूल फिल्टर लावा. यामलमधे, म्हणजे या फाइली ज्या फॉरमॅटमधे लिहितात त्यात, 1.10 हे व्हर्जन अवतरणात नसेल तर तो आकडा होऊन 1.1 होतो, यात मी स्वतः एक अख्खी दुपार घालवलीय.

"अनडिफाइंड" आलं तर आधी स्पेलिंग, मग ग्रुपचं नाव आणि ग्रुप व्हार्समधल्या फाइलचं नाव एकच आहे का ते. घाईघाईत, व्हॅल्यू नसेल तर पर्यायी व्हॅल्यू देणारा डिफॉल्ट फिल्टर चिकटवू नका, त्याने एरर जाते पण चूक तशीच राहते. नावात डॅशही नको, जिंजा, म्हणजे टेंप्लेट भरणारं इंजिन, त्याला वजाबाकी समजतो, अंडरस्कोर वापरा. प्लेबुकमधे ओळीची व्हॅल्यू {{ ने सुरू होत असेल तर ती पूर्ण अवतरणात, नाहीतर यामलला ती डिक्शनरी वाटते.

अजून एक, बॅश स्क्रिप्टचं टेंप्लेट असेल तर अॅरेची लांबी काढताना {# येतं आणि जिंजा तिथून कॉमेंट सुरू झाली असं धरतो. तेवढा भाग रॉ आणि एंडरॉच्या मधे ठेवा.

शेवटी लिमिटमधे एकच सर्व्हर देऊन चेक आणि डिफ या दोन ऑप्शनांनी चालवा, फाइलची कुठली ओळ बदलणार ते स्क्रीनवर दिसतं आणि सर्व्हरवर काही लिहिलं जात नाही. त्यात 8080 दिसला, मगच आम्ही बाकीच्या सर्व्हरांवर सोडलं.