कोकणात बिल्डिंग सायन्स शिकताना: आधी ओल ओळखा

आर्किटेक्चर घ्या, सिव्हिल घ्या की डिप्लोमा करून थेट साइटवर उतरा, बिल्डिंग सायन्स, म्हणजे इमारतीतली उष्णता, हवा आणि ओल कशी वागते याचं शास्त्र, तुम्हाला तुकड्यातुकड्यांतच भेटणार. आर्किटेक्चरला ते क्लायमेटॉलॉजी आणि सर्व्हिसेसमध्ये असतं, सिव्हिलला काँक्रीट टेक्नॉलॉजीत, मेकॅनिकलवाल्यांकडे सायक्रोमेट्रिक चार्टवर, म्हणजे हवेचं तापमान आणि आर्द्रता यांचं नातं दाखवणाऱ्या आलेखावर. हे तुकडे जोडून कोणी देत नाही. रत्नागिरीकडच्या मुलांना ते जास्त जाचतं, कारण आपल्या भिंतींना उन्हापेक्षा ओल छळते आणि ओल कुठल्याच एका विषयात मावत नाही.

आता सापळा सांगते. पुस्तकात एक वाक्य हमखास असतं: वेपर बॅरिअर (वाफ अडवणारा थर) भिंतीच्या उबदार बाजूला लावावा. शेजारच्या आकृतीत ती बाजू खोलीच्या आतली दाखवलेली असते. या आकृतीनं मला बराच काळ चकवलं. पाठ होती, परीक्षेत गुणही मिळाले. पण ती आकृती थंड देशातली आहे. तिथे आत हीटर आणि बाहेर बर्फ, म्हणून वाफ आतून बाहेर जाते. आपल्याकडे एसीच्या खोलीत नेमकं उलटं होतं. पावसाळ्यात बाहेर ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता धरा. त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तो, साधारण २६ अंश येतो. खोली तुम्ही २४ वर ठेवलीत, तर ती बाहेरची हवा २६ च्या खालच्या ज्या ज्या पृष्ठभागाला लागेल तिथे पाणी धरणार. अशा भिंतीला आतून व्हायनलचा वॉलपेपर लावला की बाहेरून आलेली वाफ त्याच्यामागे अडकते, आणि वर्षभरात कागद उचलून बघितला तर मागे काळी बुरशी. म्हणून एसी असेल तर वाफ बाहेरच्या बाजूला अडवायची आणि भिंतीला आतून सुकायला वाव ठेवायचा. नियम चुकीचा नाही. उबदार बाजू कुठली, हे मात्र प्रत्येक ठिकाणी नव्यानं विचारावं लागतं.

एसी नसलेल्या चिऱ्याच्या घरात हा प्रश्नच वेगळा. तिथे पावसाची झड, जोत्यातून चढणारी ओल आणि आतल्या दमट हवेचं पाणी यांतलं नेमकं काय आहे ते आधी ओळखायचं. प्लास्टिकचा हातभर तुकडा घ्या, भिंतीच्या ओल्या भागावर चारी बाजूंनी टेपनं घट्ट चिकटवा आणि दोनेक दिवस तसाच ठेवा. पाणी प्लास्टिकच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला जमलं तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला जमलं तर ते हवेतलं पाणी आहे. त्यावर वॉटरप्रूफिंग करून पैसे घालवू नका. हा प्रयोग ज्यानं केला नाही त्यानं ओलीवर सल्ला देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

जाड भिंत म्हणजे गारवा, हेही सोलापूरला जितकं खरं तितकं इथे नाही. पावसाळ्यात आपल्याकडे दिवस-रात्रीच्या तापमानात फरकच थोडा, मग भिंत रात्री निवणार कशी? इथे वाहती हवा आणि सावली कामाला येते. इको निवास संहिता, म्हणजे घरांसाठीची ऊर्जाबचतीची भारतीय संहिता, उष्ण-दमट हवामानात घराच्या चटई क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के भाग उघडता येईल असा असावा म्हणते. स्लायडिंग खिडकी निम्मीच उघडते; तुमच्या ड्रॉइंगवर हा हिशेब आजच करून बघा.

सिव्हिलवाल्यांनो, आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकातला एक्स्पोजरचा, म्हणजे काँक्रीट कशा वातावरणात उघडं राहणार याचा, तक्ता पाठ नको, समजून घ्या. किनारी हवेत उघडं असलेलं काँक्रीट ‘सिव्हिअर’ गटात जातं: काँक्रीटची ताकद-श्रेणी किमान एम ३०, पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.४५, कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) ४५ मिलिमीटर. सळईखाली तेवढं अंतर राखणारे कव्हर ब्लॉक न लावता स्लॅब ओतला की खारी हवा सळईपर्यंत लवकर पोचते, सळई गंजून फुगते आणि पोपडे सुटतात. हे बघायला किनाऱ्यावरच्या जुन्या इमारतींच्या गॅलऱ्यांखाली उभं राहा.

सिम्युलेशन सॉफ्टवेअर पहिल्या वर्षी शिकू नका. सायक्रोमेट्रिक चार्टवर हातानं रेघा मारता येत नाहीत तोवर स्क्रीनवरचे रंग तुम्हाला फसवतील. ग्रीन बिल्डिंगच्या सर्टिफिकेटांचंही तसंच, ती नंतर होतात. गुरू शोधायचाच तर असा शोधा, जो स्वतःची इमारत दोन पावसाळ्यांनंतर परत बघायला जातो. असे लोक कमी आहेत, पण आहेत, आणि विचारलं तर मनापासून सांगतात.

सगळं एकदम कळत नाही म्हणून घाबरू नका. तीन शाखांचं गणित एका डोक्यात बसायला वेळ लागतोच, हुशारीचा त्यात संबंध नाही. सिव्हिलचा एक मित्र आणि मेकॅनिकलची एक मैत्रीण धरा आणि येत्या पावसाळ्यात कुणाच्या तरी घरातली एकच ओली भिंत तिघांनी मिळून सोडवा. पहिली नोकरी बहुधा मुंबई-पुण्यातच मिळेल, तेव्हा त्या भिंतीची वही, फोटो आणि आकडे पोर्टफोलिओत पहिल्या पानावर लावा.